शाहजादीभाभीच्या ओढणीची गाठ

घोटावड्यात अलाउद्दीनभाईंची पिठाची गिरणी होती तेव्हा दळण घेऊन गेलेल्या आम्ही बाया आधी त्यांच्या बायकोला, शाहजादीभाभीला शोधायचो. गव्हावर गहूच पडला पाहिजे, बाजरीनंतर आपला डबा लागला तर चपात्या काळपट होतात, याची काळजी तीच घ्यायची. भाई भोळे. जी आधी बोलेल तिचा डबा आधी ओतायचे. भाभी ओढणी डोक्यावरून घेऊन उजव्या कानाखाली, मानेलगत करकचून गाठ मारायची, म्हणजे केसांत पीठ जात नाही. एकदा ती गाठ मारली की तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या कानात आवाज सुरू झाला. सूं, सूं, छातीच्या ठोक्याबरोबर. जिना चढली की भरभर, आडवी झाली की संथ, पण बंद नाही. डोकंही दुखायचं. "घरात कुनीतरी सारखं बोलतंय आन् ते फकस्त मलाच ऐकू येतंय, असं हाय बग," ती मला म्हणाली. गावानं लसणाचं तेल सुचवलं, कुणी नजर काढली. सल्ल्याला आमच्याकडे कधीच तोटा नसतो.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. पडदा चांगला निघाला. मग त्यांनी काम काय करता ते विचारलं आणि गिरणी म्हणताच त्यांचं निदान ठरलं. गोंगाटानं कान बिघडलेत, लांब राहा.

"पर गिरणीत असले की थांबतोय वो," भाभी म्हणाली.

डॉक्टर हसले. तिथल्या मोठ्या आवाजात बारका आवाज ऐकू येत नाही, इतकंच, म्हणाले. बोलणं पटण्यासारखं होतं, आणि तिथंच घोटाळा झाला.

भाभी घरी बसली. आता दिवसभर ती आणि तो आवाज. टीव्ही मोठा लावला तर डोकं ठणकायचं, बंद केला तर सूं सूं. भिंतीपलीकडे गिरणी चालू, आणि हिला तिथं जायला बंदी. कानावर तळवा दाबून बसलेली बायको भाईंना बघवेना. एक दिवस ते म्हणाले, "बंद करू गिरणी. तुज्यापुढं गिरणी काय चीज हाय?"

गिरणी त्यांच्या वडलांची. तिच्या आवाजावरून पट्टा सैल झालाय की बोथट झालेल्या दगडांना टाकी घालायची वेळ आलीय, हे ते जेवता जेवता सांगायचे. तरी नेरे गावच्या एका माणसानं यंत्र विकत घेऊन टेम्पोत घालून नेलं, आणि भाई त्या दिवशी जेवले नाहीत.

"माज्यासाठी क्येलं म्हनत्यात," भाभी मला म्हणाली. "मग मी भांडू तरी कुनाशी?" आवाज होता तिथंच होता. मला तिचा फार कळवळा आला आणि त्या डॉक्टरचा रागही.

पुढच्या आठवड्यात ती आणि तिची सून समरीन गिरणीची रिकामी खोली झाडायला गेल्या. भिंतींवर पिठाचे थर. भाभीनं सवयीनं ओढणी बांधली, गाठ आवळली आणि झाडू हातात धरून उभी राहिली.

"थांबला," ती म्हणाली.

यंत्र नव्हतं. गोंगाट नव्हता. समरीननं गाठ सैल केली, आवाज आला. आवळली, गेला. मग तिनं गाठ सोडून सासूच्या कानामागे आपला कान टेकवला आणि श्वास रोखून धरला.

"अम्मी, मला पन येतोय."

भाभी तिथंच खाली बसून रडली. इतक्या दिवसांत तिचं खरं मानणारं पहिलं माणूस भेटलं होतं.

समरीननं तिला पुण्यात मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. शिरांचा एमआरआय झाला. डोक्यातलं रक्त खाली आणणारी मोठी शीर कानामागून जाते, तिथं ती अरुंद झालेली. रक्त त्या चिंचोळ्या जागेतून जोरात जातं आणि त्याचाच आवाज येतो, पाइप चिमटल्यावर पाणी फिसकारतं तसा. मान दाबली की त्या शिरेतलं वाहणं मंदावतं, म्हणून गाठीनं थांबायचा. डोक्यात दाब वाढला तर नजरेला धोका, म्हणून डोळे तपासले. आता गोळ्या आहेत, वजन कमी करायचं आहे. नाहीच भागलं तर शिरेत जाळीची नळी बसवतील. आणि मान आवळायची नाही, गाठ बंद.

घरी आल्यावर ती भाईंना शोधत गिरणीच्या खोलीत गेली. यंत्राचे बोल्ट अजून जमिनीतून वर आलेले. भाई त्यांच्याशेजारी उकिडवे बसले होते.

"मग गिरणीनं न्हाई झालं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

त्यांनी एका बोल्टवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तुला तरी आवाज येतोय. मला हितं आता काईच ऐकू येत न्हाई."

भाभीनं सवयीनं ओढणीची टोकं हातात घेतली, आणि गाठ न मारता तशीच धरून त्यांच्याशेजारी बसली.