एकट्या होडीची शर्यत

होड्यांच्या शर्यती बघायच्या म्हणजे दिवसभर ओल्या गवतावर बसायचं आणि अर्धं मिनिट काहीतरी बघायचं, हे बेरिल पार्जिटरला पुरतं ठाऊक होतं. सेव्हर्न नदीच्या वळणावर होड्या दिसत, समोरून सपासप निघून जात आणि कोण जिंकलं ते कर्ण्यावरून कळे. तेसुद्धा कर्णा चालू असला तर. तिचा नवरा क्लाइव्ह क्लबातल्या म्हाताऱ्या चौकडीत वल्हं मारी. लग्न झाल्यापासून दर जुलैत तो इमानेइतबारे हरत आला होता. जिंकला तो एकदाच, आणि तेव्हा बेरिल शौचालयाच्या रांगेत उभी होती.

ते तिला फार लागलं होतं. आता पुढच्या महिन्यात क्लाइव्हच्या गुडघ्याचं ऑपरेशन, म्हणजे ही शेवटची शर्यत. म्हणून तिनं सकाळपासून चहाचा घोटही घेतला नव्हता आणि शर्यत संपते त्या खांबाजवळ घडीची खुर्ची टाकून ठाण मांडलं होतं. केकच्या टेबलावर मदतीला बोलवायला आलेल्या बाईंना ती म्हणाली, "केकला पाय फुटले तरी आज मी हलायची नाही."

तेवढ्यात क्लाइव्हच पडेल चेहऱ्यानं आला.

"समोरची होडी येत नाहीये. त्यांची गाडी वाटेत बंद पडली."

"मग जिंकलात की."

"तसं नसतं गं. एकट्यानं का होईना, सगळं अंतर वल्हवून दाखवावं लागतं. आम्ही माघार घेतोय. लोक हसतील."

"लोक इतकी वर्षं हसतच आलेत. आजच कुठून लाज आली?" बेरिल बुटाच्या नाड्या सोडू लागली. "उतर पाण्यात. नाहीतर मी उतरते."

क्लाइव्ह बायकोला ओळखून होता. तो मुकाट्यानं लंगडत परत गेला.

समोर कुणी नसूनही चौकडीनं शर्यत अवघड करून दाखवली. वळणावर होडी थेट काठच्या झाडात घुसली. एकाची टोपी फांदीला लटकली. हंसाचं एक कुटुंब सावकाश त्यांच्या पुढे निघून गेलं. "पार्जिटर मंडळी अजून आघाडीवर आहेत," कर्णा म्हणाला आणि काठावर खसखस पिकली.

बेरिल हसली नाही. ती खुर्ची सोडून काठाकाठानं धावत सुटली. "ओढ, क्लाइव्ह, ओढ," घसा बसेपर्यंत तिचं एवढंच चाललं होतं. हसणारे हळूहळू टाळ्या वाजवू लागले. शेवटी एकदाचा भोंगा वाजला.

क्लाइव्ह धापा टाकत तिच्याकडे आला.

"बघितलंस?"

"सगळं."

"पण शेजारी कुणी नव्हतं, बेरिल."

"नसेल," ती डोळे पुसत म्हणाली. "शेजारच्या होडीकडे मी आजवर बघितलंय कधी?"