गोरं करणारा स्नो

ताईला बघायला येणाऱ्यांनी आधीच निरोप धाडला होता, "मुलगी सावळी आहे म्हणतात." त्याच आठवड्यात ताईने दादरच्या एका दुकानातून गोरं करणारा स्नो आणला. पांढऱ्या काचेच्या बुटक्या बाटलीतलं क्रीम, झाकणावर गुलाब. आत काय घातलंय ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. रोज आंघोळ झाली की ती तोंडाला, मानेला चोळायची. मी अकरा वर्षांची. ती नळावर गेली की मीही बोटभर घ्यायचे.

महिना-दीड महिन्यात ताई खरंच उजळली. मग एका सकाळी तिच्या पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. पाय चपलेत जाईनात.

"तोंडाक काय लावलंस गो?" आईने विचारलं. ताईने पदराने तोंड झाकलं. मी तिच्या मागे सरकले.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस. आदल्याच दिवशी लालबागच्या नाक्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या, अश्रुधूर सोडला होता. आई आम्हा दोघींना घेऊन परळच्या डॉक्टरांकडे निघाली. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू आडव्या आल्या. ताईचा चेहरा बघून किंचाळल्याच, "मेल्यांनी पोरीच्या तोंडावर लाठी मारली?"

ताईने मान डोलावली. आईने नुसता तिचा हात घट्ट धरला. ताईने खोट्याला होकार दिला याची मला भीती वाटली, आणि आपलाही चेहरा असाच होणार याची त्याहून जास्त.

डॉक्टरांनी ताईची लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी साकळली.

"मूत्रपिंडाला इजा झालीय. हिला काय दिलंत?"

आईने पिशवीतून ती बाटली काढून टेबलावर ठेवली. "हिच्या ट्रंकेमागे सापडली."

डॉक्टरांनी तांब्याची तार घासून लख्ख केली, तिच्यावर स्नो फासला आणि अ‍ॅसिडचा थेंब सोडला. थोड्या वेळाने तार पुसली, तर ती चांदीसारखी चमकत होती.

"पारा," ते म्हणाले.

मला हुंदका फुटला. "मी पण लावलाय."

माझी नळी दिव्यावर धरली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. आईचे ओठ पुटपुटत होते. "हिची स्वच्छ आहे," असं ऐकू आलं, तरी कितीतरी वेळ मी डोळे उघडले नाहीत.

"पोलिसांत सांगू?" आईने विचारलं.

"औषध असतं तर कायदा होता, बाई. स्नो-पावडर त्यात येत नाही. कोणी काय घातलं, हे विचारणारा कुणी नाही."

स्नो बंद झाला, मीठ बंद झालं. ताईची सूज उतरायला पाच महिने लागले. स्थळ गेलं. कायदा आला, पण पुढे काही वर्षांनी.

ताई अंथरुणावर असतानाच एकदा आई मला घेऊन त्या दुकानात गेली. कपाटात तशाच बाटल्या ओळीने मांडलेल्या. कॉलेजातली एक मुलगी त्यातली एक हातात घेऊन बघत होती. आई दुकानदाराशी बोललीच नाही. त्या मुलीजवळ जाऊन म्हणाली, "ठेव ती, बाळ. माझी पोर हे लावून घरी झोपून आहे."

मुलगी आमच्याकडे बघत राहिली. मग तिने बाटली ठेवली आणि पदराला हात पुसत बाहेर पडली.