सोजराबाईंचा एक शब्द

जानेफळच्या सोजराबाईंना वांग्याच्या वाफ्यातच झटका आला. मेहकरच्या दवाखान्यात जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचाही गेली. घरी आणल्यावर तोंडून एकच शब्द फुटला, "घडोंची."

सून छाया नांदुऱ्याची, घाटाखालची. तिनं नवऱ्याला, सागरला, विचारलं, "काय मांगून राह्यल्या ह्या?"

सागरला आठवलं. ओसरीत पाण्याचे घडे ठेवायची लाकडी चौकट होती, तीच घडोंची. घरात नळ आला तशी ती गोठ्यात गेली.

डॉक्टर म्हणाले, शब्द लिहून दाखवत जा. सोजराबाईंना वाचता येत होतं, पण हा शब्द लिहायचा कसा हेच नातीला, प्राचीला, ठाऊक नव्हतं. कॉलेजातल्या शब्दकोशात तिला तो 'घडवंची' असा सापडला. घडा आणि मंच, घड्यांचा मंच. तिनं पाटीवर तसं लिहिलं. आजीनं मान हलवली, डावं बोट जिभेला लावलं आणि 'व' पुसून टाकला. मग प्राचीनं 'घडोंची' लिहिलं. आजी बराच वेळ पाटीकडे पाहत राहिली.

सागरनं गोठ्यातून घडोंची काढली, घासून धुतली, घडे भरून बाजेजवळ मांडली. "माय, हीच पाह्यजे होती ना तुले?"

सोजराबाईंनी घडोंचीकडे नुसतं पाहिलं. मग बंद खिडकीकडे हात केला. "घडोंची."

छायानं खिडकी उघडली. सोजराबाईंनी श्वास सोडला. तेव्हा सागरच्या ध्यानात आलं. आईला घडोंची नकोच होती. तिच्याजवळ तेवढा एकच शब्द उरला होता.

पाणी, भूक, कूस बदलायची, सगळं त्याच शब्दात. सुराचा फरक सगळ्यांत आधी छायाला कळला. लग्नापासून दोघींचं जेमतेम बोलणं होतं. आता छाया त्यांची वेणी घालायला बसली, की सोजराबाई तेवढ्याच शब्दात कुणाचं तरी गाऱ्हाणं सांगायच्या. आवाज चढायचा, उतरायचा, मध्येच हसू यायचं. "हाव ना आत्याबाई, तेच म्हणते मी बी," छाया म्हणायची.

पौषात सोजराबाई गेल्या. भेटायला आलेल्या शेजारच्या रुक्मिणीबाईंनी विचारलं, "शेवटी काही बोलली का वं?"

"लय बोलल्या," छाया म्हणाली. पुढं सांगायला गेली, पण त्या एका शब्दातलं सगळं तिला दुसऱ्या शब्दांत सांगता येईना.