मंद्रूपजवळचा दानशूर

हल्लीच्या मोटारी कुठंही उभ्या राहतात. घोड्यांच्या मुक्कामाला पाणी लागतं, सावली लागते आणि मेख धरणारी जमीन लागते. विजापूरकडून घोडे विकायला सोलापूरला निघालो होतो. मंद्रूपच्या अलीकडे ज्वारी काढलेलं असं एक रान सापडलं. घोडे थकलेले होते. विसावा मिळाला नसता तर बाजारात त्यांना कुणी विचारलं नसतं.

मी घसा फुटेस्तोवर भांडून जागा फुकट मिळवली. रानाचा मालक मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसत, सर्वस्व लुटलं गेल्यासारखा म्हणाला, "ऱ्हावा की. मुकी जनावरं हायती."

सेवा तर अशी, की रोज सकाळी तो स्वतः मेखा उपटून घोडे थोडे पुढं बांधायचा. "एका जागी कंटाळत्यात वो," म्हणायचा. मला गहिवरून यायचं. माझी इतकी काळजी घरी कुणी केली नाही.

निघालो त्या दिवशी शेजारचा शेतकरी बांधावरून ओरडला, "मालक, आमच्या रानात बसवा की घोडी! मेंढरं बसवली तर धनगराला आमी जेवान देतो, वर ज्वारी. तुमाला यानं काय दिलं?"

मी मागं वळून पाहिलं. माझ्या घोड्यांच्या लिदीचं खत रानभर अगदी सारखं पसरलं होतं. शिवी हासडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या दानशूरानं हात जोडले.

"रागावू नगा, पावनं. परतताना या की. वड्याकडचा कोपरा ऱ्हायलाय."