दाजींचा कान

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी दाजी म्हणायचो म्हणून सगळं गॅरेज म्हणायला लागलं, पुढे मालकसुद्धा. त्याच गॅरेजात मी वेल्डर होतो. घरी ते जावई आणि कामावर वरिष्ठ, त्यामुळे दोन्हीकडे बोलणी मीच खायचो.

त्यांचं काम एकच. धूर जिथून जायला नको तिथून जातोय, ती जागा शोधायची. टर्बोच्या गाडीत हे सोपं नसतं. इंजिनातून निघालेला गरम धूर टर्बोचं चक्र फिरवतो, ते चक्र इंजिनात जास्त हवा ढकलतं आणि गाडी जोर धरते. वाटेत केसाएवढी फट पडली तरी चढावर गाडी मान टाकते. आणि ही फट लबाड असते. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, फट मिटते, आवाज बंद. म्हणून दाजींचा नियम होता : गाडी संध्याकाळी सोडा, सकाळी या. गिऱ्हाइकं कुरकुरायची.

"तापलेली गाडी खोटं बोलते," दाजी म्हणायचे. "गार झाली की सगळं कबूल करते."

सकाळी रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचे, दुसरं इंजिनाजवळ धरायचे आणि मला हात करायचे. मी किल्ली फिरवायचो. इंजिन तापायच्या आत त्यांचा शोध पुरा.

"धुराचं शेवटचं तोंड. खालची बाजू."

उघडलं की तिथेच काजळीचा ओघळ.

दुसरी एक रीत आहे. इंजिन बंद ठेवून मागच्या पाइपातून हलकी हवा सोडायची, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारायचं आणि बुडबुडे कुठे येतात ते वाकून बघत बसायचं. कंबर मोडते, वेळ जातो. दाजींना त्या रीतीचा तिटकारा. "गाडीला न्हाऊ घालायला मी काय दाई आहे?" असं म्हणून ते नळी उचलायचे.

हा कान त्यांना फुकट मिळाला नव्हता. ते गॅरेजात आले ते गाड्या धुवायला. कुणी काही शिकवायचं नाही. धुता धुता ते ऐकायचे आणि मिस्तरी काय उघडतो ते लांबून बघायचे. अशी वर्षं गेली, तेव्हा कुठे हातात पाना आला. मेहनत कुणी किती केली हे मी नीट बघतो. दाजींनी केली होती.

घरीही तोच कान. कुकरच्या झाकणातून वाफ निसटली की भरल्या ताटावरून उठायचे.

"अहो, जेवा आधी!" ताई ओरडायची.

"आधी रिंग बदल. मला घास जात नाही."

एकदा मी त्यांच्याकडे गेलो होतो. दाजी स्वयंपाकघराच्या दारातच पेपर वाचत बसले होते. आत कुकर झाकणाच्या कडेने फुसफुसत होता. दाजींनी पान उलटलं. ताईने मला आत ओढलं.

"ऐकलंस?"

"रिंग गेलीय."

"गेली नाही. नवी काढून मी मुद्दाम जुनी लावलीय. कधीची फुसफुसतेय. एका शब्दाने बोलले नाहीत."

मी दाराकडे बघितलं. पाठमोरे दाजी, हातात पेपर.

"मी समोर असले की ओठ बघून उत्तर देतात," ताई म्हणाली. "पाठ फिरली की काही नाही. तू सांग त्यांना."

"तुझा नवरा आहे. तू सांग."

"तुझा साहेब आहे."

कुणीच सांगितलं नाही. कारण दोघांनाही माहीत होतं. आमच्या पेंटरची नजर अधू झाली तेव्हा मालकांनी त्याला गाड्या धुवायला लावलं होतं. माणूस काढला नाही, हा मालकांचा चांगुलपणा. पण तो पेंटर पुढे कुणाशी मान वर करून बोलला नाही. दाजी धुण्यापासूनच वर चढले होते. तिथेच परत उतरायचं, ही त्यांची धास्ती होती.

त्यानंतर शाळेची व्हॅन आली. चालवणारी बाई मुलांची ने-आण करायची. चढावर व्हॅन दमते आणि आत धुराचा वास येतो, अशी तिची तक्रार. सकाळी दाजींनी नळी लावली, मी किल्ली फिरवली. ते जरा जास्तच वेळ वाकून राहिले. मग गाडीखाली गेले आणि टर्बोच्या मागच्या जोडावर काजळी दाखवली. फट खरी होती. गॅस्केट बदललं, व्हॅन गेली.

पण एक फट सापडली म्हणून शोध थांबवायचा नाही, हे मला शिकवलेलं दाजींनीच.

व्हॅन परत आली. बाई उतरली तीच तावात.

"मिस्तरी, वास गेलेला नाही. काल दोन पोरांचं डोकं दुखलं, एक ओकलं. मी काचा उघड्या टाकून चालवतेय."

आमच्याकडे परत आलेली गाडी म्हणजे तोंडाला काळं. मालक स्वतः आले. तापलेल्या इंजिनाजवळ कान नेला. अर्थात काही ऐकू आलं नाही. म्हणाले, "टर्बोच गेला असणार. नवा टाकावा लागेल."

बाईचा चेहरा पडला.

दाजी म्हणाले, "उद्या सकाळी बघू."

सकाळी सगळे जमले. दाजींनी नळी लावली. मी किल्ली फिरवली आणि मलासुद्धा ऐकू आलं, बारीक टिकटिक. गाडीत बसलेल्या मला! दाजी नळी इकडून तिकडे फिरवत होते. हळूहळू इंजिन तापलं आणि टिकटिक विरली.

"काय म्हणतो कान, दाजी?" मालकांनी विचारलं. "टर्बोच ना?"

दाजींनी नुसती मान हलवली असती तर सुटले असते. मालकांचंच म्हणणं होतं, चूक मालकांच्या नावावर गेली असती. बाईला नवा टर्बो पडला असता आणि पोरांना धूर तसाच.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी इंजिन बंद केलं. हे बोलणं दुसऱ्याने करायचं नव्हतं.

दाजींनी नळी बॉनेटवर ठेवली.

"मला ऐकू येत नाही, मालक. मागच्या खेपेलाही आलं नव्हतं. काजळी दिसली तेवढ्यावर मी गाडी सोडली." मग बाईकडे वळले. "चूक माझी आहे, बाई. पोरांना या गाडीत बसवू नका. दुसरी सोय करा."

मालक नळीकडे बघत राहिले. शेवटी दाजीच माझ्यावर खेकसले.

"मेव्हणे, तोंड काय बघताय? साबणाचं पाणी कालवा."

दिवसभर ते त्या व्हॅनला न्हाऊ घालत होते. मागून हवा सोडली. प्रत्येक जोडावर फेस मारायचा, बॅटरी धरायची, थांबायचं. दुपारी मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या धुराच्या पाइपाच्या, अगदी टोकाला, जिथे हात जाईना, तिथे आरसा धरल्यावर बुडबुडे दिसले. तिथला आवळायचा स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, आतच तुटला होता. तिथून निघणारा धूर हवेच्या जाळीतून आत पोरांपर्यंत जात होता.

तुटक्या स्टडवर मी नट वेल्ड केला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा धरला, आणि दाजींनी त्याची लाली उतरायची वाट बघून तो इंचाइंचाने फिरवत बाहेर काढला. मॅनिफोल्डची इंजिनावर बसणारी बाजू वाकली होती, ती सपाट करून आणली. नवा स्टड, नवं गॅस्केट टाकलं. नट मधल्यापासून कडेपर्यंत, थोडेथोडे आवळत गेले. गाडी तापवली, गार केली, परत आवळली. एकही पायरी गाळली नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांनी नळी माझ्या हातात दिली. "ऐका."

मी ऐकलं. नुसतं इंजिन. मान हलवली. तरी त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी परत हवा सोडायला लावली आणि परत फेस मारला.

बाईने चढावर चक्कर मारून आणली. "ओढतेय," म्हणाली आणि पोरांना आणायला निघून गेली. आभार वगैरे मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं.

मालक दाजींना बाजूला घेऊन गेले. काय होणार, ते मला वाटलंच होतं. परत आले तेव्हा दाजींचा चेहरा काही सांगेना.

"काय झालं?"

"ऐकायचं काम दुसऱ्याकडे. माझ्याकडे गाडी आली तर साबणाशिवाय सोडायची नाही, म्हणाले."

"म्हणजे धुवायला नाही ना?"

"धुवायलाच की हो," दाजी म्हणाले. "फक्त आतून."

पुढे त्यांनी कानाचं यंत्र घेतलं. गॅरेजातल्या गोंगाटात ते काढून खिशात ठेवायचे.

पण ते नंतर. व्हॅन गेली त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. ताईला सगळं सांगून झालं. तिने ऐकून घेतलं आणि गॅसकडे वळली. कुकर फुसफुसत होता. दाजींनी आवाजाची वाट न बघता ताट बाजूला सारलं, हात ओला केला आणि झाकणाच्या कडेने जरा लांबून गोल फिरवला. एका जागी थांबले.

"इथून जातेय. रिंग जुनी आहे. कुणी लावली ही?"

ताईने माझ्याकडे बघितलं.

"अहो, जेवा आधी," ती म्हणाली.