दौलतचे साचे

दौलत कदम आमच्या लालबागच्या चाळीत राहायला आला, तेव्हा त्याच्या दारात पहिला मी गेलो. नवा भाडेकरू आला की त्याचं गाव, गोत, सासुरवाडी काढल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. दौलतने खेडजवळचं एक गाव सांगितलं. त्याच्या बायकोने, जाईबाईने, चहा दिला. बाकी काही हाती लागलं नाही. आमच्या मजल्यावर संडासाच्या रांगेत माणसाचं पोटसुद्धा जाहीर होतं. तिथे हा गडी आठ वर्षं तोंड मिटून राहिला.

गिरणीत तो माझा जोडीदार. सकाळपाळीला त्याने चालवायचे तेच दोन साचे, म्हणजे कापड विणायचे माग, दुपारपाळीला माझ्याकडे. साचे तेच, त्यांत आडवं सूत फिरवणारे धोटेही तेच. धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची, धोट्याच्या भोकाला तोंड लावायचं आणि श्वासासरशी सूत बाहेर ओढायचं. दिवसातून शेकडो वेळा. म्हणून तर साचेखात्यात महारांना घेत नसत. त्यांनी सूत कातायच्या रिंगखात्यात राबायचं, कमी पगारावर. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. दुसऱ्याची थुंकी आम्हाला चालायची. फक्त ती कुणाची, ते ठरलेलं होतं.

दौलतचा हात मात्र देवाने दिलेला. त्याच्या कापडात फट सापडायची नाही. वर माणूस धीराचा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात फोर्टात लाठ्या पडल्या, तेव्हा आमचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, दत्ताराम डोकं फुटून आडवा झाला. दौलतने त्याला पाठीवर घालून बाहेर काढला. "माझा भाऊ आहे हा," असं दत्ताराम पट्टी बांधलेल्या डोक्याने महिनाभर सांगत फिरला.

एकच गोष्ट मला खुपायची. शिमग्याला अख्खी चाळ कोकणात पळायची, हा कधी गेला नाही.

"काय रे, गावात खून करून आलास काय?" मी विचारायचो.

"सुट्टी नाही मिळत, शामराव."

"मला मिळते ती? मी काय मालकाचा जावई?"

तो हसायचा. जाईबाई आत निघून जायची.

मग शिवाजी पार्कच्या सभेत मला रामजी नावाचा एकजण भेटला. बोलता बोलता कळलं, तो दौलतच्याच गावचा. माझ्या अंगात आलं! रविवारी त्याला चाळीत घेऊन आलो, न कळवता. गॅलरीतून ओरडलो, "दौलत, बाहेर ये, तुझं माहेर आणलंय!"

दौलत दारात आला आणि उभाच राहिला. जाईबाईने चहा आणला. रामजीने कपाला हात लावला नाही.

"हा आमच्या गावचा खरा," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "पण महारवाड्यातला. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

गॅलरीत निम्मी चाळ जमली होती. मीच जमवलेली.

सोमवारी पाळी बदलायच्या वेळेला साचे बंद झाले. तिघेचौघे नळावर चुळा भरत होते, आठ वर्षांच्या. दत्ताराम दौलतकडे न बघता मला म्हणाला, "शामराव, जोडीदार तुम्ही. धोटा तुमच्या तोंडात जातो. तुमची हरकत नसेल तर मी पुढे बोलत नाही. सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. दौलतही. हातात धोटा होता, अंगठ्याने तो त्याची कड पुसत होता. एक 'हरकत नाही' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण चारचौघांनी तोंडाकडे बघितलं की मला विनोदच सुचतो.

"आठ वर्षं मुके घेतले रे याचे," मी म्हणालो, "आता बायकोला काय सांगू?"

खातं खदाखदा हसलं. दत्तारामही. हसणं थांबलं तेव्हा दौलतची बदली रिंगखात्यात झाली होती.

चाळीत बायकांनी जाईबाईला नळावर शेवटी थांबायला सांगितलं. माझी बायको त्यात पुढे. आठवड्यात त्यांनी खोली सोडली आणि नायगावला आपल्या माणसांत जायला निघाले. हातगाडीवर ट्रंक, गाद्या, पितळी हंडा. मी खाली उतरलो.

"दौलत, माझ्या मनात तसं काही नव्हतं रे. गंमत केली."

"माहीत आहे," तो म्हणाला. दोरीची गाठ मारता मारता त्याने विचारलं, "शामराव, आठ वर्षांत तुम्हाला कधी काही झालं? ताप, उलटी, काही?"

"नाही."

"हेच तुम्ही त्यांना सांगायचं होतं."

जाईबाईने माझ्याकडे बघितलंही नाही. गाडीला मागून रेटा देत ती चालू लागली.

सकाळपाळीला त्या साच्यांवर आता आमच्यातलाच एकजण आलाय. गालात सतत तंबाखू. दुपारी मी जातो तेव्हा धोट्याचं भोक तपकिरी आणि ओलं असतं. सदऱ्याला पुसतो, तोंडाला लावतो आणि सूत ओढतो.