बंगल्यामागच्या चार खोल्या

मराठीत लिहायची मला सवय नाही. घरी मराठी बोलतो, पण शाळा-कॉलेज सगळं हिंदीत झालं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लिहिलेलं दाखवावं कोणाला, हेही कळत नाही. चुकलं तर माफ करा. मी लिहावं एवढा मोठा झालेलो नाही, हे मला माहीत आहे.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या सरांनी इंग्रजांच्या काळातल्या इमारतींची यादी करायला सांगितली. ती सरकारी कचेरीत जाणार होती. यादीत आलेली इमारत सहजासहजी पाडता येणार नाही, असं सर म्हणाले. दोघादोघांच्या जोड्या झाल्या. मी एकटा उरलो.

थंडीतले सगळे रविवार मी एकटाच चाललो. आमच्या वस्तीतून, घमापुरातून निघायचं, नेपियर टाउनकडून जुन्या बंगल्यांच्या रस्त्यांना लागायचं. व्हरांड्याच्या खांबांना कोचिंग क्लासच्या पाट्या तारेनं बांधलेल्या, कमानी विटांनी बुजवून आत दवाखाना केलेला, छपरावरच्या कवेलूंमधून पिंपळ निघालेला. दिवसभर कोणाशी एक शब्द न बोलता परत यायचो. आई विचारायची, "काय पाहिलं?"

"घरं."

"घमापुरात घरं नाहीत काय?" ती हसायची.

एका बंगल्याच्या चौकीदारानं मला आत सोडलं. मागच्या अंगाला नोकरांसाठी बांधलेल्या चार खोल्या होत्या. त्यातल्या एकीच्या दारात एक बाई इस्त्री करत होती. मी पावलांनी भिंत मोजत होतो, तेव्हा ती चौकीदाराला हिंदीत म्हणाली, "भैया, ये लड़का दीवार के साथ नाच रहा है क्या?"

मला हसू आलं. तोंडून निघून गेलं, "नाही मावशी, मोजून राहिलो."

"अरे! आपला हायेस काय तू?" तिनं इस्त्री उभी केली. "जय भीम."

"जय भीम," मी म्हणालो. कॉलेजात लागल्यापासून घराबाहेर हे मी कोणाला म्हटलं नव्हतं.

तिनं चहा टाकला. तिची सासू इथेच आया होती. मालकाला मागच्या खोल्या पाडून दुकानं काढायची होती. मी यादीचं सांगितलं तशी ती म्हणाली, "मग आमची खोली लिहिशील ना? का साहेबाचा बंगला तेवढा जुना, अन् आमची खोली काल बांधली?"

"लिहितो ना, मावशी."

"पाय बरं. यादीत आलो तर तोडता येत नाही म्हनतोस."

मी खरंच लिहिल्या. चारही खोल्या, भिंतींची जाडी, दारांची उंची, सगळं पेन्सिलीनं. पण सरांच्या फॉर्मवर रकाना एकच होता, 'मुख्य इमारत'. मागच्या खोल्या कुठे लिहायच्या, हे सरांना विचारायला हवं होतं. सरांनी "कोणाला काही शंका?" असं विचारलंही. मी हात वर केला नाही. माझे बाबा अशाच एका बंगल्यामागे जन्मलेले. बाकीच्यांनी चर्च आणि मोठमोठे खांब आणले होते, मी नोकरांच्या खोल्या आणल्या म्हणून कोणी विचारलं असतं, यांचा तुझ्याशी काय संबंध? पक्की प्रत करताना मी फक्त बंगला उतरवला. सरांनी माझं अक्षर वर्गाला दाखवलं.

त्यानंतर मी त्या रस्त्यानं गेलो नाही. चालणंही हळूहळू सुटलं.

मागच्या महिन्यात आई विहारातून आली. भाजी निवडता निवडता सांगू लागली, की बंगल्यामागे इस्त्री करणारी एक बाई आता इथे घमापुरात पोरीकडे राहायला आली आहे. बंगल्याला हात लावला नाही, मागच्या खोल्या मात्र एका सकाळीच पाडल्या. सामान काढायलाही नीट वेळ दिला नाही.

मी तिच्यापुढची अर्धी भाजी माझ्याकडे ओढली.

"अन् काय सांगू," आई म्हणाली, "ती साऱ्या बायांना सांगत होती, आपलाच एक कॉलेजातला पोरगा आला होता. त्यानं बरोबर लिहून दिलं होतं म्हने. वरच्यांनीच खोडलं असंल."